वरच्या मजल्यावरची एकवीस मिनिटं

डॉक्टरांनी तीन महिने दिले होते. तोवर साखर उतरली नाही तर इन्सुलिन. म्हणून मी पहाटे चाळीस मिनिटं चालायचे आणि आठ वाजता टीव्हीवर जुन्या एरोबिक्सचा एकवीस मिनिटांचा व्हिडिओ लावून उड्या मारायचे. दीड महिन्यात उपाशीपोटीची साखर १९० वरून १४८ वर आली होती.

आमच्या खाली शेजाऱ्याचे टॉवेल विणायचे चार यंत्रमाग आहेत. रोज बारा तास चालतात, आमच्या मांडणीतली भांडी हलतात. अठरा वर्षांत मी एकदाही तक्रार केली नाही. एका सकाळी, बाराव्या मिनिटाला, तोच वर आला.

"वैनी, जरा हळू की! छताचे पोपडे टॉवेलांवर पडायलेत."

"आणि तुमच्या मागांनी आमची भिंत तडकली, त्याचं काय?"

"माग पोटासाठी हायत. तुमची नुसती हौस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात नवरा पेपरातून डोकं वर काढून त्याला म्हणाला, "उद्यापासून बंद करेल ती."

मला न विचारता! सुई काय याला टोचून घ्यायची होती?

मी टीव्हीचा आवाज वाढवला आणि उरलेली नऊ मिनिटं दोघांच्या समोर पूर्ण केली. उड्या जरा जास्तच जोरात मारल्या.