मामा म्हणतील तवा

शिरूरात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. पाण्याची मोटार जळाली किंवा बुडाली की ती उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तार भरून द्यायची, एवढाच धंदा. गाव घोड नदीच्या काठावर आहे. म्हातारी माणसं अजून गावालाच घोडनदी म्हणतात. कधीकाळी इथं गोऱ्यांची छावणी होती, मग बाजारपेठ वाढली. आता निम्मं गाव कारेगावच्या कंपन्यांच्या शिफ्टवर उठतं आणि झोपतं. पण माझ्या पोटाला लागतं ते अजून नदीचंच. पाणी चढलं की माझं दुकान चालतं. "लोकांचं बुडतंय तवा तुझं तरतंय," असं मामी मला तोंडावर म्हणते. म्हणू दे. खोटं काय आहे त्यात?

मामा-मामी राहू गावचे. मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. राहूच्या एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला भीमा. दोघी खाली संगमावर एक होतात आणि पुढं दौंडाकडं जातात. त्या दोघींच्या मधल्या रानाला सगळे बेट म्हणतात. काळी जमीन, नजर पोचेल तिथवर ऊस, जागोजागी गुऱ्हाळं. आमच्या भागाची तऱ्हा अशी की पाऊस पडतो डोंगरात आणि पूर येतो इथं. आमच्यावर चार शिंतोडे पडले तर नशीब! त्यात मुळा-मुठेचं पाणी म्हणजे पुण्यानं वापरून सोडलेलं. नवा पाहुणा पहिल्या दिवशी जेवत नाही, असा वास. पण त्याच पाण्यावर सगळं रान हिरवं आहे, त्यामुळं गावात कुणी नाक धरत नाही.

या नदीच्या काठाला ओळीनं मोटारी बसवलेल्या असतात. वरच्या धरणातून पाणी सुटलं की त्या बुडायच्या आत काढून वर आणाव्या लागतात. काम जिवावरचं. चिखलात उतरायचं, दोर बांधायचा, बांबू अडकवून पाच-सहा जणांनी खांद्यावर उचलायचं. बरं, उगाच काढली तर पुन्हा बसवेपर्यंत ऊस तहानलेला. न काढली तर मोटार माझ्या दुकानात. म्हणून तिथं एक रीत पडली होती. एकट्यानं आपली मोटार काढायची नाही. मामांनी "काढा" म्हटलं की सगळ्यांनी मिळून सगळ्यांच्या काढायच्या. ज्याची पोरं कंपनीत गेलीत त्याचीही निघायची, जी बाई एकटी शेत बघते तिचीही निघायची. मामांच्या आधी त्यांचे वडील सांगायचे. मामा पाण्यावरच्या जलपर्णीकडं बघायचे, हात पाण्यात घालायचे आणि सांगायचे. त्यांचा शब्द कधी खाली पडला नव्हता.

मग एका साली पडला.

त्या दिवशी मोबाईलवर निरोप आला होता की पुण्याकडून आणखी पाणी सोडणार नाहीत. मामांच्या शेजारच्या रानातले आप्पा, त्यांच्याच वयाचे, त्यांनी विचारलं, "काय मामा, काढायच्या का?" मामांनी नदी बघितली. जलपर्णी जागेवर उभी होती. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पुन्याचं पानी काय येत न्हाई."

आणि पुण्याचं पाणी आलंच नाही! आलं ते भीमेचं. वर भीमाशंकराच्या अंगाला धो धो कोसळला होता. भीमा अशी फुगली की संगमावर तिनं मुळा-मुठेला आत येऊच दिलं नाही. पाणी आल्या वाटेनं मागं फिरलं. सकाळी लोक उठून बघतात तर जलपर्णी पुण्याच्या दिशेनं चाललेली. मामा पुढच्या दारात राखण करत बसले आणि चोर मागच्या दारानं आला. बेटावरच्या माणसाकडूनच व्हावी अशी ही चूक; ज्याला एकच नदी आहे तो अशी चूक करणार कशी? दोर आणेपर्यंत सगळ्या मोटारी पाण्याखाली.

टेम्पो भरून त्या माझ्या दुकानात आल्या. जवळ केडगाव-चौफुल्याला दुकानं असताना माझ्याकडं आल्या, कारण मी मामांचा भाचा. टेम्पोबरोबर मामाही आले. मामांना कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच वाईट झालं. शिव्या घातल्या असत्या तर मामांनी दोन उलट घातल्या असत्या, मोकळं झालं असतं. ते दुकानाबाहेर जुन्या टायरवर बसून राहिले. चहा दिला तो गार झाला.

"माझी समद्यांच्या शेवटी भर," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मामा नदीवर जाईनात. मामी फोनवर सांगायची, "जेवत्यात, झोपत्यात, पर नदीकडं पाठ करून बसत्यात रं." लोक मोबाईल बघून आपापली मोटार काढायला लागले. ज्याच्या घरी माणसं, त्याची निघायची. त्या एकट्या बाईची मोटार पुढच्याच पावसाळ्यात पुन्हा माझ्याकडं आली. खरं सांगतो, ती उघडताना मला धंद्याचा आनंद झाला नाही. रीत तर मोडलीच होती, पण मला काळजी मामांची होती. ज्याला उभ्या जन्मात सगळ्यांनी विचारलं, त्याला कुणी काही विचारेनासं झालं की तो माणूस आत आत आटत जातो. मी ते डोळ्यांनी बघत होतो.

गेल्या भादव्यात मी त्या बाईची मोटार पोचवायला राहूला गेलो. आप्पा आणि चार-दोन जण ती बसवू लागायला आले होते. बसवून होतेय तोवर मामा काठ उतरून आले. स्वतःहून, इतक्या दिवसांनी! आभाळ जरा भरलेलं होतं, बाकी काही नाही. कुठल्याच धरणाचं पाणी सुटलेलं नव्हतं, ना इकडचं ना भीमेकडचं. ते सगळ्यांच्या मोबाईलवर होतं. मामांनी वाकून पाण्यात हात घातला. आप्पांच्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं, "काय मामा?"

मामांनी ओला हात झटकला. म्हणाले, "काढा."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ते हे. नुकती बसवलेली मोटार परत काढायची? मी तोंड उघडलं, "अहो मामा, पाणी कुठंच..." तेवढ्यात आप्पांनी माझा दंड असा दाबला की पुढचा शब्द पोटात गेला. मग त्यांनी काठावरूनच हाळी दिली, "दोर आना रं! मामा काढा म्हनल्यात!"

लोक आले की हो. एक जण रात्रपाळी करून नुकताच कारेगावहून येऊन झोपला होता, तो डोळे चोळत, मला शिव्या देत आला. मला का, ते त्यालाच ठाऊक. सगळ्यांच्या खिशात मोबाईल होते. एकानंही बाहेर काढला नाही. त्या बाईची आधी काढली, मग ओळीनं सगळ्यांच्या. मामांनी शेवटपर्यंत दोर सोडला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी घामाबरोबर पुसून टाकलं.

पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नदी तशीच, जलपर्णी जागेवर. मामा पडेल चेहऱ्यानं काठावर आले.

"पानी आलं न्हाई की रं आप्पा."

"मग? आलं असतं म्हंजी?" आप्पा दोर गुंडाळत म्हणाले. "ऊस वाळाय लागलाय. आता बसवायच्या कवा, त्येवढं सांगा."

मामांनी नदीकडं बघितलं. पायात चपला सरकवल्या.

"थांबा जरा," ते म्हणाले. "आधी भीमेकडं बघून येतो."