विरजणातला दात

सासऱ्यांच्या दह्यात निघालेला दात मीच ठेवला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

झालं असं, की हिरड्यांच्या आजारानं माझा खालचा दात हलू लागला. सोलापुरात राहायचं आणि कडक भाकरी आमटीत भिजवून लहान बाळासारखी गिळायची! अशात मोबाइलवर वाचलं, की दुधाच्या दातात स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी असतात आणि त्यांच्यापासून झिजलेली हिरडी, दाताखालचं हाड पुन्हा वाढवता येईल का, यावर संशोधन चालू आहे. (‘येईल का’ हे शब्द मी भराभर ओलांडले.)

त्याच दुपारी माझ्या सात वर्षांच्या पुतणीचा, आरोहीचा दात पडला! आमच्याकडे असा दात छपरावर टाकतात. ती टाकायला निघाली, तोच मी आडवा गेलो.

“काका, माझाय की तो!”

“बाळा, यात तुझ्या काकाचं भविष्य आहे.”

“मग माझा नवा कसा येणार?”

दोन चॉकलेटांवर मिटलं.

पडलेला दात दुधात ठेवावा, हेही कुठंतरी वाचलं होतं. वाटीभर दुधात तो सोडला आणि वाटी फ्रिजमध्ये मागं सारली. कुणाला बोललो नाही. (हसले असते.) संध्याकाळी बायकोला, म्हणजे सुवर्णाला, ती वाटी दिसली. उरलेल्या दुधाचं आमच्या घरात काय होतं, हे वीस वर्षांच्या संसारात मला कळायला हवं होतं. तिनं विरजण लावलं.

सकाळी अक्कलकोटहून सासरे आले. वय अठ्ठ्याहत्तर, दात बत्तीस, आणि दोन्हींचा भारी अभिमान! पानात कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. दुसऱ्याच घासाला कट्!

मामांनी (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) तोंडातून दात काढून तळहातावर ठेवला.

“अय्यो! गेला की गं माझा दात!”

“अप्पा, बघू!” सुवर्णा रडायलाच लागली. मी धावत जाऊन फ्रिज उघडला. वाटी नव्हती!

“मामा, जिभेनं चाचपून बघा, सगळे असतील,” मी चाचरत म्हणालो.

“जावई, दात हितं हातात हाय, मग तोंडात कसा आसंल ओ?”

निघालो दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजले. “आजोबा, बत्तीसच्या बत्तीस आहेत.”

“मग ह्यो?”

“हा लहान मुलाचा आहे.”

मामांचा चेहरा उजळला. “म्हंजे मला नवीन दात यायला लागलेत व्हय!”

ते अक्कलकोटला फोन लावू लागले, तेव्हा मला तोंड उघडावंच लागलं. सगळं सांगितलं. सुवर्णानं अशी नजर टाकली, की शेजारचा दातही हलला.

“अहो, असा दात पडल्या पडल्या प्रयोगशाळेत न्यावा लागतो,” बाई म्हणाल्या. “आणि हिरड्यांसाठी हे सगळं अजून संशोधनातच आहे.”

“पण दह्यात पेशी जगतात का हो?” (कुतूहल काही जात नाही!)

“बसा खुर्चीत.”

तासभर माझे दात खरवडून झाल्यावर त्या म्हणाल्या, “वाचेल बहुतेक. पेशी नंतर बघू, आधी रोज दोनदा ब्रश करा.”

आरोहीनं अखेर आपला दात छपरावर भिरकावला. मामांनी निघताना उरलेली भाकरी माझ्यासमोर कडाकडा चावली. “जावई, माझा पडला तर तुमालाच देतो. पर पडतच न्हाय की ओ!”

माझा दात अजून जागेवर आहे. फक्त घरात दही लावायचं असलं, की सुवर्णा आधी मला तोंड उघडायला लावते आणि दात मोजते.