फादरनी घातलेलं गाऱ्हाणं

बस्त्यावने फोनवर विचारलं, "गुरुवारी गाडी काढशील? गुहागरच्या अलीकडे एका गावात जायचंय." मी हो म्हणालो. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी पंक्चर काढता काढता बर्फाच्या कारखान्यापर्यंत पोचलो आणि तो फादर होऊन जर्मनीतल्या एका बंदरात. तिथे येणाऱ्या जहाजांवरच्या खलाशांची विचारपूस करायची, आजारी असतील त्यांना भेटायचं, हे त्याचं काम. पाच वर्षांनी सुट्टीवर आला होता आणि नाताळाआधी परत जायचा होता.

रत्नागिरीच्या मांडवीहून सकाळी सातला निघालो. हा रस्ता करणार असाल तर आरे-वारेवरून, समुद्राच्या कडेने जा. वेळ थोडा जास्त लागतो, पण घाई असलेल्याने कोकणात येऊच नये. मालगुंडला चहा घेतला आणि जयगडला फेरीबोटीच्या रांगेत लागलो. गाडी बोटीत चढवताना हॅन्डब्रेक ओढा, काच खाली ठेवा. पैसे फार नाहीत, पण सुटे ठेवा आणि परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ तिथेच विचारून घ्या. वेळापत्रकापेक्षा तिकीटवाल्याचा शब्द खरा.

खाडीत बस्त्याव बोलता झाला. "तिथे कुणाकडे जायचं तर तीन आठवडे आधी तारीख ठरते. माणसं चांगली आहेत, पण जेवलास का असं कुणी विचारत नाही. इथे होतो तेव्हा चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर लोक लवकर घरी जावेत असं वाटायचं. तिथे पहिला माणूस आत येईपर्यंत मी दाराकडे बघत बसतो."

"मग ये की परत."

"ते आज परत येताना सांगतो," तो म्हणाला. मग त्याने त्या गावात कशाला जायचंय ते सांगितलं.

गेल्या वर्षी जर्मनीतल्या हॉस्पिटलातून त्याला बोलावणं आलं. मालवाहू जहाजावरचा एक पोरगा, अनंत, हृदयाचा आजार. फादर मराठी बोलतात म्हटल्यावर त्याने डोळे उघडले आणि एवढंच बोलला, "फादर, गाऱ्हाणं घाला." गाऱ्हाणं म्हणजे ग्रामदेवतेला नाव घेऊन, मोठ्याने, सगळ्यांच्या वतीने केलेली विनवणी. एकजण बोलतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणतात. बस्त्यावच्या दारावरून लहानपणापासून शिमग्याची पालखी गेलेली, त्यामुळे शब्द त्याला पाठ. पण अनंतच्या गावची देवी कोणती, हे विचारेपर्यंत पोरगा शुद्धीत राहिला नाही.

"मग?"

"मग रत्नागिरीच्या भैरीचं नाव घेतलं. दुसरं येतच नव्हतं. अनंतचा सोबती होता, फिलिपिनो. त्याला म्हटलं, मी थांबलो की 'व्हय महाराजा' म्हण. बिचारा म्हणाला. त्याला वाटलं, मराठीत आमेन असंच म्हणतात."

मी हसलो. तो हसला नाही.

"अर्ध्या तासात पोरगा गेला. घरच्यांना मी फोनवर फक्त प्रार्थना केली म्हणून सांगितलं. त्याने माझ्यावर सोपवलेलं एकच काम, तेही भलत्या पत्त्यावर केलं. हे त्याच्या बापाला तोंडावर सांगायला हवं."

हेदवीच्या पुढे एका घरगुती खाणावळीत थांबलो. मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे मासे नाहीत. कुळथाची पिठी, भात, पोह्याचा पापड; झकास. पाच वर्षं बांगड्याची वाट बघणारा बस्त्याव म्हणाला, "आमचा शुक्रवार, तुमचा गुरुवार. उपाशी ठेवायचं दोघांनी बरं वाटून घेतलंय." पण भात त्याने अर्धा ठेवला.

अनंतचं घर सुपारीच्या बागेत. वडील धोंडूतात्या पडवीत सुपाऱ्या सोलत होते. "या फादर, या शेट." पाणी आलं, चहा आला. बस्त्यावने कप खाली ठेवला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

तात्यांचे हात थांबले. "भैरीचा नाव घेतलात?"

"हो. तुमच्या देवीचं ठाऊक नव्हतं."

"आमची वाघजाय." त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली. "मंग पोरगा आमचा रत्नागिरीतच ऱ्हायला म्हनायचा."

बस्त्यावची मान खाली गेली. तेवढ्यात दाराआडून काकींचा, अनंतच्या आईचा, आवाज आला. "ऱ्हायला तर ऱ्हायला. तेवढ्या लांबनं रत्नागिरीपत्तुर आनलान ना त्यांनी? तिथनं हितं काय लांब हाय?"

तात्यांनी बायकोकडे पाहिलं, खुंटीवरची टोपी घेतली. "चला."

देऊळ डोंगराच्या पायथ्याशी, जांभ्या दगडाचं. बस्त्याव पायरीखाली थांबला तर तात्या म्हणाले, "फादर, वर या. साक्षीला तुमीच हवेत." नारळ ठेवून त्यांनी हात जोडले. "बाय माझे वाघजाय, तुझा लेकरू परमुलखात पडला. ह्या फादरनी त्येला भैरीच्या हवाली केलान. आता तू त्येला हितं आन." मी 'व्हय महाराजा' म्हणालो, काकी मागून म्हणाल्या. तात्यांचे हात जोडलेलेच होते. "आनि हे फादर बी परमुलखात एकटंच ऱ्हातात. त्येंच्यावर बी तुझी नजर असू दे."

परतीची फेरी साडेपाचची मिळाली. पिशवीत तात्यांनी दिलेल्या सुपाऱ्या. खाडीच्या मध्यावर बस्त्याव म्हणाला, "बिशपांना चिठ्ठी लिहायची, असं आज सकाळपर्यंत माझं ठरलं होतं. मला परत बोलवा म्हणून. जी माणसं माझ्यावर विसंबतात त्यांच्या उपयोगी मी पडत नाही, असं वाटत होतं. आता नाही लिहीत."

"देवीमुळे?"

"देवीचं तू बघ. पाच वर्षं मी सगळ्यांसाठी मागतोय. माझ्यासाठी कुणी मागितलेलं आज पहिल्यांदा कानांनी ऐकलं."

तो गेला त्याच्या बंदरात. दोनशे किलोमीटरसुद्धा न झालेला प्रवास, पण त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारखाना, घर, तीन गाड्या. सगळं आपल्या हिमतीवर केलं, असं मी चारचौघांत सांगत आलोय. परवा देवघरात बायको दिवा लावत होती, तिला सहज विचारलं, "माझ्यासाठी कधी काही मागतेस का गं?"

ती वात सारत म्हणाली, "रोज. तुम्ही तेव्हा फोनवर असता."