जॉइंट की सेपरेट

कुडाळकडचा गुरुदत्त परब ओमानातल्या निझव्याच्या एका खासगी हॉस्पिटलात डायलिसिसची यंत्रं सांभाळतो. बोलायला कमी, कामाला चोख. बायको नूतन तिथेच नर्स होती, आता ह्यूस्टनला असते. ती का गेली असं कुणी विचारलं, तर तो म्हणतो, "तिकडे पगार चांगला आहे." ते खोटं नाही. पण आधी त्यांचं मूल गेलं, आणि मग नूतन गेली.

मुलगी जन्मली ती श्वास न घेताच. गुरुदत्त सोहारच्या हिंदू स्मशानात जाऊन सगळं उरकून आला आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर उभा राहिला. पेशंट थोडेच थांबणार होते? लोक म्हणाले, गडी खंबीर आहे. खंबीर कसला, आत काही हलतच नव्हतं. नूतननं घरी पडल्या पडल्या अमेरिकेच्या नर्सिंग परीक्षेचा अभ्यास केला आणि पास झाली. नवरा म्हणून त्यालाही जाता येत होतं. "तू हो पुढे, मी येतोच," तो म्हणाला. कुणी विचारलं की 'इन्शाल्ला' म्हणायची त्याला सवय लागली. बघता बघता तीन वर्षं गेली.

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ होती. तो गॅसवर पिठलं ढवळत होता. तिकडे सकाळ झालेली, नूतन नाइट संपवून हॉस्पिटलबाहेर गाडीत बसलेली. तिथूनच तिनं फोन केला.

"गुरू, टॅक्सचं विचारायचं होतं. जॉइंट भरू की सेपरेट?"

ओमानात पगारावर टॅक्स नाही. रिटर्न हा शब्दच त्याच्या आयुष्यात नव्हता. "म्हणजे काय?"

"नवरा-बायकोनं मिळून एकच रिटर्न भरायचं, की आपापलं. मी इतकी वर्षं सेपरेटच भरत आले, तुला विचारलंही नाही. माझं टॅक्सचं बघते ती अफशीन म्हणते, जॉइंट भरलं तर फायदा आहे. फक्त तुझा तिकडचा पगार दाखवावा लागेल, तुझी सही लागेल."

"तू म्हणशील तसं."

"मी काहीच म्हणत नाहीये. तू सांग."

"सेपरेट चाललंय ना? तेच चालू दे. उगाच कशाला व्याप."

"बरं." ती म्हणाली. "एक सांगते. नवरा परदेशात असला की असा नियम आहे. एकदा जॉइंट धरलं आणि पुढे ते मोडलं, तर पुन्हा कधीच करता येत नाही. म्हणून विचारलं."

"हं."

"काल अफशीननं विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, नाहीत. बाहेर येऊन गाडीत बसले, तर चावी फिरवायचंच सुचेना. तशीच बसून राहिले."

गुरुदत्तनं गॅस बंद केला. काहीतरी बोलायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल आपला वाटू नये, तसं त्याला सगळंच वाटत होतं. मग तो म्हणाला, "सावनी ठेवणार होतो ना आपण?"

ते नाव दोघांपैकी कुणीच तेव्हापासून उच्चारलं नव्हतं. पलीकडे नूतन रडायला लागली. त्याला रडू आलं नाही. तो ऐकत उभा राहिला, फोन ठेवला नाही, एवढंच.

ती शांत झाल्यावर तो म्हणाला, "जॉइंट कर."

"फायद्यासाठी म्हणतोयस?"

"नाही. माहीत नाही. पण कर."

पुढच्या आठवड्यात रजा टाकून तो बसनं मस्कतला गेला. अमेरिकेच्या टॅक्स खात्यात त्याच्या नावाचा नंबर काढायचा होता, आणि त्यासाठी पासपोर्टच्या प्रतीवर आपल्या दूतावासाचा शिक्का हवा होता. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "किस लिए चाहिए?"

"वाइफ के साथ टॅक्स भरना है."

"वाइफ किधर है?"

"अमेरिका."

"और आप?"

"अभी इधर हूँ," तो म्हणाला. तो 'अभी' तोंडातून कसा निघाला, त्याचं त्यालाच कळलं नाही. बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्याला भूक लागली होती. समोरच्या टपरीवर उभं राहून त्यानं दोन पराठे खाल्ले आणि परतीची बस धरली.

रिटर्न मुदतीत गेलं. आनंद झाला का, असं विचाराल तर त्याला सांगता येणार नाही. जूनमध्ये त्यानं व्हिसाचे कागद पुढे सरकवले. त्याचं इथलं लायसन तिकडे चालत नाही, पुन्हा परीक्षा द्यावी लागणार. नूतन म्हणाली, "पुस्तकं पाठवू का?"

तो म्हणाला, "पाठव."