वाघाच्या मावशीचा श्रावण

गेल्या वर्षी ऐन आषाढात एक मांजर आमच्या विश्रामबागच्या घरात जिन्याखालच्या खोक्यात व्याली. खोक्यात मामांचे फौजेतले जुने स्वेटर होते. मामा म्हणजे माझे सासरे. मांजरांचा आपल्याला मनस्वी तिटकारा आहे असं ते रोज सांगायचे, आणि सांगून झालं की खोक्यापाशी खुर्ची ओढून पेपर वाचायचे.

तिन्ही पिल्लांचं मांजरीनं निगुतीनं केलं. मग त्यांना दात फुटले आणि बाईसाहेबांचा नूर पालटला. पिल्लं लुचायला आली की गुरगुरायची, एखादा पंजा ठेवून द्यायची आणि कंपाउंडवर जाऊन बसायची. म्हणजे आता वरचं अन्न सुरू करणं आलं. माणसाच्या बाळाचं उष्टावण मामानं करायचं असतं. इथं बापाचाच पत्ता नव्हता, मामा कुठून आणणार? त्यात श्रावण लागलेला.

आमच्याकडं श्रावण म्हणजे श्रावण. एरवी दर रविवारी तांबडा रस्सा ओरपणारी माणसं महिनाभर अंड्याचं नावसुद्धा काढत नाहीत. हा कायदा आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. तो त्यांनी पिल्लांनाही लागू केला.

"दूध-भाकरी घाला. खात्यात गुमान," त्या म्हणाल्या.

मांजर म्हणे वाघाची मावशी. तिच्या लेकरांना श्रावण पाळायला लावणारी माणसं आमच्याच घरात निघायची होती. पिल्लांनी दूध-भाकरी खाल्ली आणि सगळा पोर्च घाण करून ठेवला. दोन तरी हुंदडत होती, पण तिसरं, राखी रंगाचं, मलूल पडलं. उचललं तर हाताला वजन लागेना. मी त्याला ओढणीत गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं.

"मॅडम, म्हशीचं दूध म्हशीच्या रेडकाला," ते म्हणाले. "ह्याला चिकन उकडून, कुस्करून द्या. आज-उद्यात पोटात काही गेलं नाही तर हे राहायचं नाही."

घरी येऊन मी ते जसंच्या तसं सांगितलं. आत्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या.

"माझ्या घरात शिजायचं न्हाई," एवढंच म्हणाल्या.

मग घर नेमकं कुठं संपतं याचा विचार मामांनी केला. फौजेत त्यांना हेच शिकवलं असावं. मागच्या दारी नारळाच्या झाडाखाली तीन विटा मांडून त्यांनी चूल पेटवली, एक जुनं पातेलं शोधलं आणि चिकन उकडायला ठेवलं. वास गल्लीभर गेला. आदल्याच सोमवारी आमच्याकडं पोथी ऐकून गेलेल्या शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या.

"पाहुणे आलेत वाटतं?"

"व्हय," मामा म्हणाले. "तिघं हायत."

दोन पिल्लं ताटलीवर तुटून पडली. राखी मात्र तोंड उघडेना. मी चमच्यानं दिलं, बोटानं दिलं. एकदा नाकात गेलं, एकदा कानाला लागलं. आत्या मागच्या दाराच्या उंबऱ्याआड उभ्या राहून शिकवत होत्या.

"आगं, तसं न्हाई. बोट टाळूला लाव. रेडकाला बादलीतलं प्यायला शिकवत्यात, तसं."

मी जन्मात कधी रेडकाला काही शिकवलं नव्हतं. पिल्लानं माझ्या तळहातावर मान टाकली आणि मला रडू फुटलं. रडण्यापेक्षा रागच जास्त होता; आत्यांचा, त्यांच्या देवाचा, त्या कंपाउंडवर बसलेल्या भवानीचा.

"मग तुम्हीच या ना," मी म्हणाले, आणि ते चांगलंच जोरात म्हणाले.

आत्या उंबरा ओलांडून आल्या. पदर खोचला, फरशीवर बसल्या, पिल्लू मांडीवर घेतलं. कुस्करलेलं चिकन बोटावर घेऊन त्यांनी ते बोट पिल्लाच्या जबड्यात अलगद सरकवलं आणि तसंच धरून ठेवलं. आधी काहीच झालं नाही. मग पिल्लाचा घसा हलला. मग ते चाटायला लागलं, आणि थोड्या वेळानं बोट चावायलाच लागलं. आत्यांनी बोट काढलं नाही.

"दात हायत की रं तुला," त्या म्हणाल्या.

पिल्लू पोटभर खाऊन झोपल्यावर आत्यांनी डोक्यावरून अंघोळ केली आणि ओल्या केसांनी देवापुढं जाऊन बसल्या. मला आता चेष्टा सुचत होती.

"काय म्हणाला देव? चिडलाय का?"

"त्येला सांगितलं, म्या शिवलंय, म्याच. ह्यांच्यावर धरू नगंस."

"मामांचा काय संबंध?"

"ह्यांची बदली सरहद्दीवर झाली, तवा बोलले हुते मी. सुखरूप येऊ देत, जन्मभर श्रावण पाळीन."

"अहो आत्या, पण मामा कधीच परत आलेत. पेन्शनसुद्धा जुनी झाली त्यांची."

"आल्यात की," आत्या म्हणाल्या. "पर अजून हायत न्हवं."

मागच्या दारी मामा पातेलं घासत होते, त्याचा आवाज येत होता. संध्याकाळी राखी पिल्लू भुकेनं ओरडायला लागलं, तेव्हा आत्यांनी एकदा देवाकडं बघितलं आणि पदर खोचून उठल्या.