दामलेकाकूंची बाग

कोथरूडला खोली बघायला गेलो, तेव्हा दामलेकाकूंनी ‘या, बसा’ म्हणण्याऐवजी माझं मनगट घट्ट धरलं. समोर जास्वंदीत भारद्वाज पक्षी बुलबुलाच्या घरट्यातून पिल्लं ओढून काढत होता आणि मी त्याला हाकलायला टाळी वाजवणार होतो. दुसऱ्या हाताने काकू फोटो काढत राहिल्या. शेवटचं पिल्लू गिळून झाल्यावर म्हणाल्या, “तुम्ही जेवायला बसलात की कोणी टाळ्या वाजवतं का?”

मी अमरावतीहून आलेला, सॉफ्टवेअर कंपनीत नवा. काकू बँकेतून निवृत्त, एकट्या. खोली घेतली आणि सुट्टीच्या सकाळी मी त्यांच्याबरोबर बागेत बसू लागलो. शिक्रा मैनेला जिवंतपणी फाडू लागला की मी मान फिरवायचो. काकू म्हणायच्या, “अहो, पक्षी बघायचेत ना? मग सगळे बघा. नुसतं गोड हवं असेल तर मिठाईवाला कोपऱ्यावर आहे.”

त्या वर्षांत गल्लीतले बंगले एकेक करून पाडले जात होते. शेजारचाही विकला गेला. त्याच्या आवारातल्या शिरीषावर घारीचं घरटं होतं. पिल्लं उडेपर्यंत झाडाला हात लावू नका, असं काकू स्वतः जाऊन बिल्डरला सांगून आल्या. तो हो म्हणाला, आणि आठवड्याच्या आत त्याची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली.

काकू कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन आवारात शिरल्या. मुकादमाने कॅमेरा हिसकावून भिंतीवर आपटला. काकूंनी लोखंडी ट्रायपॉड त्याच्या खांद्यावर हाणला. मी धावत पोचेपर्यंत त्याने त्यांचा उजवा हात पिरगळून मोडला होता. मध्ये पडलो तर एकाच्या ठोशाने माझा ओठ फाटला. तेवढ्यात घरट्याची फांदी खाली आली. घारीने झेप घेतली आणि मुकादमाचं डोकं नख्यांनी फाडलं. रक्ताने डोळे भरलेल्या त्याला ओढत माणसं पळाली.

एक पिल्लू मेलं होतं. दुसरं पंख मोडून तडफडत होतं. काकूंनी डाव्या हातात त्याची मान धरली आणि पिळली. मग मातीतच बसून मोठ्याने रडल्या.

पुढे पोलीस चौकीत मुकादम म्हणाला, आपण तिथे नव्हतोच. काकूंनी उठून त्याची टोपी काढली. टाके सगळ्यांनी पाहिले.

काकूंचा तो हात नीट जुळला नाही. कॅमेरा परत पेलला नाही. काही वर्षांनी काकू गेल्या. पक्ष्यांच्या झटापटीत कधी पडला नाहीत, मग तिथे कशाला गेलात, असं मी एकदा विचारलं होतं.

“शिक्र्याला थांब म्हणून सांगता येत नाही,” काकू म्हणाल्या. “यांना सांगितलं होतं.”