बानूच्या अंगावरचा भंडारा

देव पाण्यात घालून बसणं, असं लोक क्रिकेटच्या मॅचलासुद्धा म्हणतात. मी खरोखर घातले होते. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत, ओट्याच्या कोपऱ्यात स्टीलच्या पातेल्यात, आमच्या कुलदैवताचा, खंडोबाचा चांदीचा टाक पाण्याखाली होता. यांची दारू सुटेपर्यंत बाहेर काढणार नाही, असं देवाला स्वच्छ बजावलं होतं. यांनाही मी असंच बांधून ठेवायचे. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ, जेजुरीकडे तोंड करून शपथ, माझ्या गळ्याची शपथ. शपथ जेमतेम पगारापर्यंत टिकायची. हे दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, आनंदनगरच्या कारखान्यातली नोकरी गेली, आणि शेवटी मला वाटायला लागलं की पातेल्यात देव नाहीच, नुसती चांदी आहे.

माणूस वाईट नव्हता हो. शुद्धीत असला की शेजारच्या आजींचा गॅस सिलिंडर चौथ्या मजल्यावर वाहून द्यायचा आणि वर त्यांच्याकडून औषधाच्या गोळ्यांची नावं पाठ करून घ्यायचा. म्हणूनच जास्त राग यायचा.

दारू सोडलेल्या लोकांची रविवारी एक बैठक भरते. तिथे यांना वासूभाई भेटले. उल्हासनगरचे सिंधी गृहस्थ, स्वतः कधीकाळी बुडालेले आणि कडेला लागलेले. लग्नाच्या वरातींना घोड्या पुरवणं हा त्यांचा घरचा धंदा. बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या वाटेवर त्यांचा तबेला आहे. माळावर मोकळ्या वाढलेल्या, माणसाचा हात न लागलेल्या घोड्या ते आणतात आणि त्यांना माणसाळवायचं काम या बैठकीतल्या लोकांना देतात. दारू सोडलेल्या माणसाला संध्याकाळ खायला उठते, त्या वेळी हाताला काम हवं, असं त्यांचं म्हणणं. मला हसूच आलं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला, आणि आता त्याच्या हाती रानघोडी, असं मी नणंदेला फोनवर म्हणालेसुद्धा.

यांच्या वाट्याला आली ती तांबडी, कान टवकारलेली, कोणी कुंपणापाशी आलं तरी लाथा झाडणारी घोडी. हिचं नाव यांनी बानू ठेवलं. खंडोबाची पहिली बायको म्हाळसा आणि दुसरी, मनाने आणलेली, ती बानू. म्हणजे मी कोण झाले ते सांगायला नको. रोज संध्याकाळी घरातून निघताना मी विचारायचे, आज धाकटीकडे किती वेळ, आणि हे लाजून चपला शोधायचे. कितीतरी वर्षांनी आमच्या घरात थट्टा ऐकू येत होती.

एका रविवारी मीही गेले. गोल कुंपणात बानू एका टोकाला, हे दुसऱ्या. हातात ना दोरी ना चाबूक. हे तिच्याकडे थेट बघतसुद्धा नव्हते. एक पाऊल पुढे जायचे, तिने मान ताठ केली की थांबायचे, आणि तिने मान जराशी खाली घेतली की लगेच मागे सरायचे. मला कळेना, जवळ यावी म्हणून मागे काय सरायचं? वासूभाई कुंपणाला टेकून म्हणाले, “भाभी, दोरीने बांधली तर घोडी उभी राहते, आपली नाही होत. तिने थोडं ऐकलं की आपण दाब काढायचा. मग ती खुद येते.”

घरी आले आणि पातेल्याकडे बघवेना. मी देवाला काय केलं होतं? बांधलंच होतं की. टाक बाहेर काढला, कोरड्या फडक्याने पुसला, देव्हाऱ्यात ठेवला. यांची दारू सुटली होती म्हणून नाही. सुटेल की नाही, काही ठाऊक नव्हतं.

हळूहळू बानू यांच्या हातून गवत खाऊ लागली. मग एकदा तिने मोरकी घालू दिली, म्हणजे तोंडावरची ती दोरीची पट्टी. त्या संध्याकाळी हे घरी येऊन मुलीला पुन्हा पुन्हा सांगत होते, तिचा श्वास माझ्या मनगटाला लागला, म्हणून. चंपाषष्ठी आली. आम्ही देशावरचे, तो आमच्या खंडोबाचा दिवस. वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, कांद्याची पात असा नैवेद्य दाखवून मी डबा बांधला, भंडाऱ्याची पिशवी घेतली आणि बारवीला निघाले. खंडोबाचं वाहन घोडा. त्या दिवशी घोड्याला भंडारा लावायचा नाही तर कधी?

बानू कुंपणाशी शांत उभी होती, हे तिच्या मानेवरून हात फिरवत होते. ते बघून माझा ऊर इतका भरून आला की बोटाने टिळा लावायचा सोडून मी मूठभर भंडारा उधळला आणि मोठ्याने येळकोट केला. पिवळा ढग उठला. बानू दोन पायांवर उभी राहिली, यांना धक्क्याने खाली पाडून कुंपणाचा बांबू मोडत पार झाली आणि रस्ता ओलांडून रानात दिसेनाशी झाली.

हे उठले. तोंड उतरलेलं, ते मी ओळखत होते. आजवर प्रत्येक वेळी तेच तोंड घेऊन हे दारूच्या दुकानात गेले होते. फोन तिथेच दगडावर राहिला, हे रस्त्याला लागले. आणि त्या रस्त्यावर, वळणापलीकडे बार होता.

मी मागे धावणार होते. शपथ ओठांवर आलीच होती. वासूभाई आडवे आले नाहीत, पण हळूच म्हणाले, “भाभी, आता तुम्ही गेलात तर ते तुमच्यासाठी परत येतील. असे कितीदा आलेत?”

मी खाली बसले. पदराला भंडारा लागला होता. देवाला काहीतरी सांगायला हवं म्हणून हात जोडले, आणि पहिल्यांदाच अट सुचेना, नवस सुचेना. तुझा आहे, तू बघ, एवढंच म्हणाले. फार रडले. रडून झाल्यावर, खरं सांगते, भूक लागली.

उन्हं कलली तेव्हा डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई रस्त्याने आली. तिच्या मागे हे. आणि यांच्या मागे, दोरीशिवाय, मान खाली घालून, पाठीवर पिवळी धूळ घेतलेली बानू.

सगळं यांनीच मला सांगितलं. हे बारच्या पायरीवर पोचले होते. एक पाय वर होता. तेवढ्यात ही बाई समोरून आली आणि यांच्या कपड्यांवरचा पिवळा रंग बघून थांबली. म्हणाली, “ती हलदीनं माखलेली घोरी तुजी का रं? थं पान्याजवल उभी हाय. कोनाची तरी वाट बगते.” हे पायरी उतरले. धरणाच्या पाण्यापाशी गेले, बानूकडे पाठ करून बसले, आणि बानू येईपर्यंत बसून राहिले.

भंडाऱ्याने घोडी पळवली आणि भंडाऱ्यानेच ती कोणाची ते सांगितलं. यात चमत्कार किती, हे मला मोजता येत नाही. बाई जवळच्या पाड्यावरची होती. मी तिला बसवलं, भरीत-रोडगा वाढला. भरीत मिळमिळीत आहे, मिरची कमी पडली, असं तिने तोंडावर सांगितलं आणि दोनदा मागून घेतलं. मल्हारी कोणत्या रूपात येतो ते मी कोण ठरवणार? त्या दिवशीचा नैवेद्य पोचला, एवढं मला कळलं.

आम्ही दोघं रिक्षाने घरी आलो. इतकी वर्षं हे घरात शिरले की मी पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्ताने जवळ जायचे आणि तोंडाचा वास घ्यायचे. यांनाही ते माहीत होतं. त्या दिवशीही हे सवयीने दारातच थांबले, मान जरा पुढे करून. मी म्हटलं, “अहो, पाय धुऊन घ्या, पानं वाढते,” आणि आत वळले. बारच्या त्या पायरीवरून हे नुसते उतरले की आत जाऊन आले, हे मी तेव्हा तपासलं नाही आणि नंतर कधी विचारलं नाही. देवाचे उपकार, की मला ते जाणून घ्यावंसंच वाटलं नाही.